आय सेव्हन २२ हजारात मिळतोय, घेऊ का?

फोटोवाला_अमळनेर:
मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज पहिल्यांदा लिहितोय, चूकभूल सांभाळून घ्या. अमळनेरला माझा छोटा स्टुडिओ आहे, लग्नाचे फोटो, अल्बम, व्हिडिओ. २०१३ ला घेतलेला कॉम्प्युटर, इंटेलचा थर्ड जनरेशनचा आय फाइव्ह प्रोसेसर, अजून चालू आहे, रॅम ८ जीबी, मध्यंतरी एसएसडी टाकली तेव्हा त्यात पुन्हा जीव आला होता, पण यंदा नवीन कॅमेरा घेतला आणि त्याच्या फाइली टाइमलाइनवर टाकल्या की मशीन जे बसतं ते उठतच नाही, मी चहा पिऊन येतो तरी नवरदेव घोड्यावर एक पाय टाकून तसाच. त्यात विंडोज टेनचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि इलेव्हन टाकायला गेलो तर म्हणे तुमचं मशीन पात्र नाही.

गावातला एक दुकानदार म्हणतो आय सेव्हन घ्या, १६ जीबी, ५१२ ची एसएसडी, काचेचं कॅबिनेट, आत लाइटा, सगळं २२ हजारात. दुसरा म्हणतो नवीन आय थ्री घ्या, आणि त्याचा नुसता डबाच ३५ च्या पुढे जातो. आता मला सांगा, जास्त पैसे देऊन आय सेव्हन सोडून आय थ्री कोण घेईल? बजेट ओढूनताणून ६० पर्यंत. मॉनिटर आहे. मोठी मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, सुट्टीत तीही वापरेल. लगीनसराई तोंडावर आहे, लवकर सांगा.

शेवभाजी:
कोणता आय सेव्हन?

फोटोवाला_अमळनेर:
कोणता म्हणजे? आय सेव्हन. स्टिकर आहे ना वर.

शेवभाजी:
माझ्या स्कूटरवर फेरारीचं स्टिकर आहे.

तापीकाठ:
भो, आय सेव्हन नाव आयकीसन भुलू नको. बैल लेवाना पहिले दात देखतस ना? मंग मशीन लेवाना पहिले जनरेशन देख.

जुना_४८६:
तापीकाठांनी एका ओळीत सांगितलं तेच मी लांबण लावून सांगतो, निवृत्त माणूस आहे, वेळ आहे. धुळ्याला बरीच वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवला, पोरांना टर्बोचं बटण दाबून दाखवायचो तिथपासूनचा माणूस.

आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन ही एकाच वर्गातली पहिला-दुसरा नंबर लावण्याची पद्धत आहे. पण वर्ग कोणता ते त्याच्या पुढच्या आकड्यात असतं. आय ७-२६०० म्हणजे दुसरी पिढी, साल २०११. आय ३-१२१०० म्हणजे बारावी पिढी, साल २०२२. दुसरीत पहिला आलेला पोरगा आणि बारावीतला काठावर पास, दोघांना इंटिग्रेशन द्या, कोण सोडवेल?

आता गंमत बघा. दोघांनाही ४ कोर आणि ८ थ्रेड. गिगाहर्ट्झ जुन्याचा ३.४ पासून ३.८ पर्यंत, नव्याचा ३.३ पासून ४.३ पर्यंत. कागदावर जुळे भाऊ वाटतात, पण एका कोरचं काम मोजलं तर नवीन आय थ्री जवळपास दुप्पट भरतो. का? तर लग्नाच्या पंगतीला बट्ट्या करायच्या आहेत असं समजा. कोर म्हणजे आचारी. थ्रेड म्हणजे एका आचाऱ्याकडे दोन चुली, एकीवरची बट्टी होईपर्यंत दुसरीकडे बघायचं. गिगाहर्ट्झ म्हणजे हात किती झपाट्याने हलतो. आणि हाताच्या एका फेऱ्यात किती बट्ट्या वळल्या जातात ते आयपीसी. मागच्या पंधरा वर्षांत हाताचा झपाटा फारसा वाढला नाही, एका फेऱ्यातल्या बट्ट्या वाढल्या. जाहिरातीत हात दिसतो, बट्ट्या दिसत नाहीत.

पूर्वा_यावल:
सर, उपमा आवडली, ऑफिसात वापरणार. (बंगळुरूला चिप डिझाइनमध्ये आहे, माहेर यावल.) त्यात भर घालते. बाराव्या पिढीपासून, म्हणजे २०२१ च्या शेवटापासून इंटेलने वरच्या मॉडेलांत दोन जातीचे कोर द्यायला सुरुवात केली. पी-कोर म्हणजे मुख्य आचारी आणि ई-कोर म्हणजे कांदे चिरणारी पोरं. त्यामुळे "१४ कोर" वाचून हुरळू नका, त्यातले आचारी किती ते विचारा. आय ५-१२४०० मध्ये सहाच्या सहा आचारी आहेत, पोरं नाहीत. आणि "इतक्या नॅनोमीटरची चिप" यावरही जाऊ नका, तो आकडा आता चिप बनवायच्या पद्धतीचं नाव म्हणूनच उरलाय, आत पट्टी लावून मोजायला गेलात तर तसं काही सापडत नाही.

शेवभाजी:
म्हणजे ५६ इंच छातीसारखं.

संपादक_धागा:
शेवभाजी, राजकारण दुसऱ्या धाग्यावर. शेवटची सूचना.

शेवभाजी:
मी बनियनच्या साइजबद्दल बोलत होतो.

केळीवाला_रावेर:
सगळेच त्या २२ हजारवाल्याला झोडून राहिले म्हणून दुसरी बाजू सांगतो. माझ्या गादीवर असंच मशीन आहे, तिसऱ्या पिढीचं, तीन वर्षांपूर्वी १५ ला घेतलं. टॅली चालते, केळीच्या भावाचे मेसेज चालतात, गाडीभाड्याच्या पावत्या छापतो, जीएसटीवाला पोरगा येऊन त्यावरच बसतो. एकदा कीबोर्ड बदलला बस. ज्याचं काम तेवढंच त्याने कशाले ६० घालायचे? गरीब माणसाच्या पोराले पहिला कॉम्प्युटर असाच मिळतो भो.

जुना_४८६:
केळीवाले, तुमचं शंभर टक्के बरोबर. टॅलीला ते मशीन डोक्यावरून पाणी. फक्त घेणाऱ्याला कळलं पाहिजे की तो काय घेतोय. या डब्यात ऑफिसांतून निघालेला प्रोसेसर असतो आणि त्याच्यासाठी आजही नवे बनून येणारे एच ६१ चिपसेटचे मदरबोर्ड. तो चिपसेट २०११ चा. आणि विंडोज इलेव्हन अधिकृतपणे आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर येत नाही, तेव्हा फोटोवाले, तुमच्या आजच्या तक्रारीतली निम्मी तक्रार २२ हजार देऊन पुन्हा घरात येणार. मुळात तुमचा आहे तो आय फाइव्ह तिसऱ्या पिढीचा. हा आय सेव्हन दुसऱ्या पिढीचा निघाला तर पैसे देऊन तुम्ही मागे जाल!

धुळे_गेमर०७:
काका सरळ एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी घ्या. ९६ एमबी एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली मेमरी. गेमिंगला एकदम भारी

फोटोवाला_अमळनेर:
बाळा मी लग्नाचे व्हिडिओ करतो.

धुळे_गेमर०७:
मग मुलगी खेळेल

दीपनगर_भुसावळ:
गेमर भाऊ, तो प्रोसेसर १२० वॅटचा, त्याच्यावर ग्राफिक्स कार्ड वेगळं, आणि तुम्ही राहता धुळ्यात. सगळे कोर नि कॅशे मोजून राहिले, मे महिना कोणी मोजला नाही अजून.

साधी गोष्ट आहे. पंखा लावा, मोठा हीटसिंक (उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) लावा, नळ्यांतून पाणी फिरवा, प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही. यूट्यूबवरचा माणूस एसीत बसून २२ अंशात टेस्ट करतो आणि सांगतो ७० च्या वर गेला नाही. तोच डबा भुसावळला पत्र्याच्या खोलीत ४५ ला ठेवला की तेवीस अंश आधीच वर. बारावी पिढी १०० ला आणि रायझन ५००० वाले ९०-९५ ला स्वतःचा वेग कमी करायला लागतात. म्हणजे तुम्ही पैसे भरले पुऱ्या वेगाचे आणि एप्रिल-मे दोन महिने वापरला अर्धवट. आणि आपली लगीनसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये. आय ९-१४९००के चा टर्बो, म्हणजे पुऱ्या जोरात चालतानाचा आकडा, २५३ वॅट लिहिलाय कागदावर, ती आपल्याकडे शेगडी झाली. आय ५-१२४०० जास्तीत जास्त ११७ वर जातो आणि बहुतेक वेळ ६५ च्या आसपास राहतो. खान्देशात प्रोसेसर घेताना पहिला कॉलम वॅटचा बघायचा.

जुना_४८६:
वा, दुखती नस दाबली. २००४-०५ चा उन्हाळा आठवला. तेव्हा पेंटियम ४ चे दिवस, सगळी शर्यत गिगाहर्ट्झची, ३.८ पर्यंत गेले, ४ चा प्रोसेसर येणार येणार म्हणून गाजावाजा, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने तो रद्द केला. क्रेग बॅरेट, त्यांचे प्रमुख, भर सभेत गमतीने खरोखरच गुडघे टेकून बसले होते. आपल्याकडे गुडघे टेकणे हा नुसता वाक्प्रचार, त्यांनी करून दाखवला. वेग वाढवायचा तर व्होल्टेज लागतं, व्होल्टेज वाढलं की उष्णता बेसुमार वाढते, तिथे गाडं अडलं ते अडलंच. म्हणून पुढे कोर वाढले, २००६ ला कोअर २ ड्युओ आला तो कमी गिगाहर्ट्झचा असून पेंटियमपेक्षा पुढे.

क्लासमध्ये तेव्हा आमच्याकडे दुपारी दोन ते चारची बॅच म्हणजे मशीन धडाधड बंद. आम्ही कॅबिनेटची झाकणं काढून समोर टेबलफॅन लावला. फॅनने पिठासारखी धूळ आत नेली. एक दिवस उघडून पाहिलं तर हीटसिंकवर पांढऱ्या गोधडीसारखा थर आणि पेस्टची वाळून खपली झालेली. दोष मशीनचा नव्हता, आमचाच.

तापीकाठ:
सर आम्हीबी त्याच बॅचले व्हतू. मशीन बंद पडावं म्हनीसन पोरं देवले नवस करेत.

रायझनवाला_शिरपूर:
धागा सगळा इंटेलकडे वाहत चाललाय म्हणून बांध घालतो. फोटोवाले काका, रायझन ५ ५६००जी बघा. ६ कोर १२ थ्रेड, ६५ वॅट, आत ग्राफिक्स, आणि एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसायच्या खाचेचा) बोर्ड. हा सॉकेट २०१७ च्या पहिल्या रायझनबरोबर गाजला आणि २०२५ पर्यंत त्याच्यासाठी नवे प्रोसेसर येत होते. माझा बी४५० बोर्ड २०१८ चा, आधी रायझन ५ २६०० होता, चार वर्षांनी बायोस (बोर्डचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केला, ५६०० बसवला, जुना विकला, फॉरमॅटही मारलं नाही. इंटेलवाल्यांना दर दोन-तीन पिढ्यांनी बोर्ड फेका. शिवाय तेरावी-चौदावी पिढीवाल्यांचं २०२४ मध्ये काय झालं ते विसरू नका.

पूर्वा_यावल:
ते खरं आहे. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या ६५ वॅट आणि वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जास्त व्होल्टेज मागून हळूहळू झिजण्याचा प्रकार होता, इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. जुना विकत घेणार असाल तर त्या दोन पिढ्यांचे वरचे मॉडेल टाळा. १२४०० बारावी पिढी, त्यात हा प्रकार नाही.

एडिटर_नंदुरबार:
इतके प्रतिसाद झाले, एकाने पण विचारलं नाही की कॅमेऱ्यात काय सेटिंग आहे. दादा, व्हिडिओ कशात शूट करता?

फोटोवाला_अमळनेर:
एच २६५, ४के, १० बिट, ४:२:२. कॅमेरावाल्याने सांगितलं रंग चांगले येतात.

एडिटर_नंदुरबार:
मग संपला विषय. मी चार वर्षं याच फाइलींनी रडलोय म्हणून सांगतो. ही फाइल म्हणजे रंगांची जास्तीची माहिती गच्च दाबून बांधलेलं गाठोडं असतं, प्रत्येक फ्रेम दाखवायला ते सोडावं लागतं. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये गाठोडं सोडायचं वेगळं यंत्र असलं तर सरसर सुटतं, नसलं तर बिचारे कोर हाताने सोडत बसतात, तेच तुमचं चहा पिऊन येणं. आता हे ४:२:२ दहा बिटचं एच २६५ इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या आतल्या ग्राफिक्सला सुटतं. ५६००जी ला सुटत नाही. एनव्हिडियाच्या कार्डांनाही ५० सिरीज येईपर्यंत सुटत नव्हतं, मी ३० सिरीजचं कार्ड टाकून वर बघत बसलो होतो. म्हणजे आय ३-१२१०० सुद्धा या एका कामात महागड्या मशीनला भारी पडतो.

एकच गोष्ट ध्यानात ठेवा, नावामागे एफ असलेला घ्यायचा नाही. १२४००एफ दोन पैसे स्वस्त असतो पण त्यात आतलं ग्राफिक्सच बंद असतं, आणि मग डिस्प्ले यावा म्हणून दुकानदार एखादं जुनंपानं कार्ड गळ्यात मारतो.

रायझनवाला_शिरपूर:
४:२:२ असेल तर मी बांध काढून घेतो. इंटेल घ्या. (पण सॉकेटचं मी बोललो ते खरं आहे.)

पाचोरेकर_पुण्यात:
ॲपलचा मॅक मिनी एम४. आला तेव्हा भारतात ५९,९०० होता, १६ जीबी रॅम, ४:२:२ सुटतं, वीज नावाला खातो, आवाज नाही. तुमच्या बजेटात बसतो. चर्चा कशाची चाललीये?

फोटोवाला_अमळनेर:
अल्बमचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं आणि त्याला डोंगल (लायसन्सची किल्ली) आहे, ते मॅकवर चालत नाही. प्रिंटर पण जुना आहे. आणि २५६ जीबीत माझी एक हळद मावते फक्त, लग्न कुठे ठेवू?

पाचोरेकर_पुण्यात:
बाहेरची एसएसडी लावा. डोंगलला इलाज नाही, ते मान्य. पण मशीन म्हणून त्याच्या जवळपास कोणी नाही, २०२० ला एम१ आला तेव्हाच सगळ्यांचे डोळे उघडले, मोबाइलच्या घराण्यातली चिप कॉम्प्युटरमध्ये येऊन एवढं काम करेल असं कोणाला वाटलं होतं?

केळीवाला_रावेर:
पुण्यात गेलेले सगळे परत येऊन मॅकच का सांगतात?

पाचोरेकर_पुण्यात:
पुण्यात भरीत चांगलं मिळत नाही, काहीतरी चांगलं नको का आयुष्यात.

शेवभाजी:
अहो खरंच, कोणाच्या शेतावर आहे यंदा भरीत? बामणोदची वांगी बाजारात दिसायला लागली. कळण्याची भाकरी मी आणतो.

(यानंतरचे अकरा प्रतिसाद भरीत पार्टीच्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक_धागा)

दीपनगर_भुसावळ:
मूळ प्रश्नाकडे येतो. फोटोवाले, प्रोसेसर ठरला असेल तर आता उरलेल्या पैशाचं सांगतो. एक, रॅम. सध्या रॅमचे भाव डोक्यावर गेलेत, सगळा माल एआयच्या सर्व्हरवाले उचलून नेत आहेत, दुकानदार रोज वेगळा भाव सांगेल. १२४०० ला आधीच्या डीडीआर४ रॅमचे बोर्ड मिळतात, तोच घ्या, नव्या डीडीआर५ च्या नादी लागू नका. दोन, एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय. डब्याबरोबर फुकट येतो तो नाही, चांगल्या कंपनीचा, ८० प्लस लिहिलेला, आणि १०० ते २४० व्होल्टवर चालणारा. आपल्याकडे संध्याकाळी पंप चालू झाले की मीटर १७० दाखवतो आणि रात्री सगळे बंद झाले की २५० च्या वर. तिसरं म्हणजे अर्थिंग. तुमच्या स्टुडिओत कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात का?

फोटोवाला_अमळनेर:
येतात! मला वाटलं मशीन जुनं झालं म्हणून.

दीपनगर_भुसावळ:
अर्थिंग नाही तुमच्याकडे. तीन पिनच्या प्लगची तिसरी पिन भिंतीत नुसती शोभेला आहे. नवीन मशीनलाही मुंग्या येतील आणि कधीतरी हार्डडिस्कसकट कोणाचं तरी लग्न जाईल. आधी खड्डा करून घ्या, मीठ-कोळसा, तांब्याची पट्टी. प्रोसेसरच्या आधी वायरमन.

धुळे_गेमर०७:
हे कोणत्याच यूट्यूबरने नाही सांगितलं

पूर्वा_यावल:
त्यांच्या पुस्तकात शेतातले पंप नसतात रे.

फोटोवाला_अमळनेर:
काल त्या २२ हजारवाल्याकडे गेलो. म्हटलं जरा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा. आय ७-२६०० निघाला. दुकानदार म्हणाला भाऊ शेवटी आय सेव्हन तो आय सेव्हन. मी म्हटलं दात पाहिले. त्याला काही समजलं नाही.

तापीकाठ:
😂 चेला तयार व्हयना.

केळीवाला_रावेर:
त्याला म्हणा आमच्या पुतण्याला टॅलीसाठी पाहिजे, १४ ला देतो का विचारा.

फोटोवाला_अमळनेर:
चार-साडेचार महिन्यांनी धागा वर काढतोय, माफी असावी, सीझनमध्ये मान वर करायला वेळ नव्हता. आय ५-१२४०० घेतला, एफ नसलेला, बी६६० बोर्ड, डीडीआर४ १६ जीबी (३२ घ्यायची होती, भाव ऐकून मागे फिरलो, दोन स्लॉट रिकामे ठेवलेत), १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॅटचा एसएमपीएस आणि शंभर-दीडशे रुपयांच्या दोन धूळजाळ्या. जुन्या मशीनमधली हार्डडिस्क बॅकअपला लावली. तरी साठच्या वर थोडं गेलंच, बायकोला साठच सांगितलंय.

त्याच फाइली, तोच नवरदेव, आता घोड्यावर सरळ चढतो. काल दुपारी तीनला बाहेर ४४ होतं, खोलीत कूलर चालू असून ३७, तासाभराचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला, ८१ च्या वर गेला नाही. एडिटर दादांना धन्यवाद, सेटिंगमध्ये इंटेलचं क्विक सिंक (तेच गाठोडं सोडायचं यंत्र) चालू करायचं तुम्ही फोनवर सांगितलं नसतं तर मी महिनाभर पुन्हा चहाच पीत बसलो असतो. मुलगी मात्र म्हणते पप्पा कॉलेजात सगळ्यांकडे लॅपटॉप आहे, हा डबा मी होस्टेलवर कसा नेऊ. त्याचा वेगळा धागा काढतो.

पूर्वा_यावल:
काका, लॅपटॉपच्या धाग्यावर येतेच. तिथे नावातली अक्षरं अजून फसवी आहेत, यू कुठला, एच कुठला. तोपर्यंत काही घेऊ नका.

दीपनगर_भुसावळ:
८१ उत्तम. अर्थिंगचं काय केलं ते लिहिलं नाही.

फोटोवाला_अमळनेर:
केलं हो. स्टुडिओच्या मागे तुळशीच्या शेजारीच खड्डा घेतला. वायरमनने सांगितलंय उन्हाळ्यात जमीन कोरडी पडू द्यायची नाही, म्हणून रोज सकाळी तांब्याभर पाणी ओततो. आई नमस्कार करून जाते तिथे, तिला वाटतं मी काहीतरी स्थापना केली.